१९८६ ची पोर्शे ९४४ घेतली, काम कुठून सुरू करू?

नेकारकाठचा_पुणेकर
नमस्कार मंडळी, शाळेत असल्यापासून हवी होती ती गाडी शेवटी घेतली. १९८६ ची ९४४, अडीच लिटर आठ व्हॉल्व्ह, बिना कॅटची (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेली) १६३ पीएस वाली, लाल. मी स्टुटगार्टजवळ राहतो. गाडी एका आजोबांची, ते गेल्यावर मुलीने विकायला काढली, तोवर काही वर्षं शेडमध्ये उभीच होती. नवी बॅटरी लावल्यावर लगेच सुरू झाली पण चालवली नाही, ट्रेलरवरच घरी आणली. मीटरवर १ लाख ४८ हजार किमी, सर्व्हिस बुकात शेवटचा शिक्का २०१४ चा. डॅशला चिरा आहेत, ड्रायव्हर सीट उसवलंय, रंग फिका पडलाय आणि हे सगळं आधी करावंसं वाटतंय. सध्या हाताशी साधारण तीन हजार युरो आहेत. ऑईल, ब्रेक पॅड एवढं मी स्वतः करतो, त्यापुढचा अनुभव नाही. काय आधी करू?

टायमिंग_मार्क
अभिनंदन भावा, मस्त गाडी घेतलीस! पण आधी एक ऐक, ती परत स्टार्ट करू नकोस. आवाज ऐकायला पण नको. या इंजिनात टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवणारा पट्टा) तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवायची वेळ येते, म्हणजे तुझं अख्खं बजेट तिथेच संपलं. आणि बेल्ट फक्त किमीवर नाही तर वयावर पण जातो, मी तर चार वर्षांच्या पुढे ठेवतच नाही, तुझा बहुतेक २०१४ चा किंवा त्याच्याही आधीचा असणार. बेल्ट दोन आहेत, एक कॅमचा, म्हणजे हाच टायमिंग बेल्ट, आणि दुसरा बॅलन्स शाफ्टचा (इंजिनाची थरथर कमी करणारा दांडा), तो दुसरा तुटला तर पहिल्यात अडकून त्यालाही घेऊन जातो म्हणून दोन्ही एकदम बदल. वॉटर पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो, तोही त्याच वेळी, शिवाय रोलर आणि पुढचे ऑईल सील, कारण तिथून ऑईल गळून नव्या बेल्टवर पडलं तर केलेलं काम वाया. हे सगळं एकदाच उघड, एकदाच बंद कर.

म्युनिकची_वहिनी
बेल्टबद्दल वरच्यांशी शंभर टक्के सहमत, पण त्याच्या जोडीला पेट्रोलचे पाईप. माझ्याकडे ९४४ चीच एस२ आहे, या गाड्यांत इंजिनवरचे रबरी फ्युएल होज वयाने कडक होतात, चिरतात, आणि गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकलं की आग. हाताने दाबून बघ, कडक लागले किंवा पेट्रोलचा वास आला तर विचार न करता बदल. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाक, फिल्टर नवा.

मग टायरवरचा शेवटचा चार आकडी कोड वाच, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. टायरवरची नक्षी कितीही भरलेली दिसू दे, दहा वर्षांचं रबर ऑटोबानवर नको गं बाई, सॉरी, नको रे दादा 🙂 ब्रेक फ्लुइड पूर्ण बदल, क्लच पण त्याच टाकीतलं फ्लुइड वापरतो म्हणून तोही ब्लीड कर (आतली हवा काढ).

गंज: बॉडी गॅल्व्हनाइज्ड आहे म्हणून लोक बघतच नाहीत. सिलचा (दाराखालची पट्टी) मागचा भाग, पुढच्या फेंडरच्या आत आणि बॅटरीखालचा ट्रे बघ. ॲसिड सांडून तो ट्रे कुजतो आणि पावसाचं पाणी आत पायाशी येतं. कार्पेट उचलून हात लाव, ओलं लागलं तर रंगाचे पैसे आधी तिकडे जातील.

आणि एच प्लेट (जर्मनीत जुन्या क्लासिक गाड्यांना मिळणारी नंबर प्लेट) घेच. तीस वर्षं झाली आहेत, गाडी ओरिजिनल आहे. टॅक्स वर्षाला सरसकट १९१.७३ युरो, आणि कॅट नसल्याने स्टुटगार्टच्या पर्यावरण झोनमध्ये तुला स्टिकर मिळणार नाही, एच असेल तर त्याची गरजच नाही. दर दोन वर्षांनी ट्यूफ (गाडीची सक्तीची तपासणी) मात्र करावंच लागतं. म्हणूनच आत्ता मॉडर्न अलॉय, एलईडी असलं काही लावू नकोस, तपासणीत अडेल.

ट्रान्सॲक्सल_राव
दोघांनी महत्त्वाचं सांगितलंय. मी दोन गोष्टी जोडतो. ते १ लाख ४८ हजार खरे धरू नकोस, मीटरमधला प्लॅस्टिकचा दातेरी चक्का तुटतो आणि आकडा थांबतो, स्पीडोमीटर मात्र चालूच राहतो. पहिल्या फेरीत आकडा सरकतोय का बघ, जुने ट्यूफचे कागद मिळाले तर त्यावरचे किमी जुळव.

क्लच बद्दल कोणी बोललं नाही. गिअरबॉक्स मागच्या ॲक्सलला आहे, मध्ये टॉर्क ट्यूब (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी नळी), त्यामुळे क्लचसाठी एक्झॉस्टपासून सगळं मागे सरकवत यावं लागतं, मजुरी पार्टपेक्षा जास्त. पण तो आत्ता काढू नकोस! जुन्या क्लच प्लेटच्या मध्ये रबर असतं, ते जाईल तेव्हा घसरेल, झटके देईल, तुला कळेल. तेव्हासाठी पैसे बाजूला टाक. एक डीएमई रिले (इंजिन कंप्युटर आणि पेट्रोल पंपाला वीज देणारा स्विच) मात्र आजच घेऊन डिकीत ठेव, तो गेला की पेट्रोल पंप बंद, स्टार्टर फिरत राहतो आणि गाडी चालू होत नाही.

नेकारकाठचा_पुणेकर
सगळ्यांना मनापासून थँक्स. बॅटरीचा टर्मिनल काढून ठेवला. कार्पेट उचललं, डाव्या बाजूला कोरडं, उजवीकडे बॅटरीच्या खाली ओलसर आहे 😟 म्हणजे सीट, रंग सगळं थांबवतो. बेल्ट मी स्वतः करू शकेन का? इथे तासावर लिफ्ट भाड्याने देणारं गॅरेज आहे.

टायमिंग_मार्क
पहिल्यांदा एकट्याने नको. ८६ च्या गाडीत स्प्रिंगवाला टेन्शनर नाही, तो ८७ पासून आला, त्यामुळे टेन्शन पोर्शेच्या पी९२०१ गेजनेच लावायचं, अंदाजाने नाही, कमी झालं तर दात सुटतो, जास्त झालं तर वॉटर पंपाचं बेअरिंग जातं. शिवाय क्रँकचा बोल्ट २१० न्यूटन मीटरचा, फ्लायव्हील लॉक केल्याशिवाय हलणार नाही. गेज असलेला माणूस शोध, त्याच्याबरोबर लिफ्टवर उभा राहून कर, आणि नवा बेल्ट बसल्यावर दोन-तीन हजार किमीला टेन्शन परत तपासायचं हे आत्ताच डायरीत लिहून ठेव. तोवर ट्रे खरवडून गंज कुठवर गेलाय त्याचे फोटो टाक, वेल्डिंग लागेल की नाही ते बघून सांगतो.