आठव्या ग्रेडनंतर चेलो शिकवायला घ्यावे का?

प्रश्न (एक पालक, विलेपार्ले):
माझी मुलगी आठव्या वर्षी पाव आकाराच्या चेलोवर (बसून गजाने वाजवायचे, व्हायोलिनच्या कुळातले मोठे वाद्य) शिकू लागली आणि वाढत्या वयाबरोबर पूर्ण आकाराच्या वाद्यापर्यंत आली. यंदा ती एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाची आठवी, म्हणजे सर्वांत वरची ग्रेड उत्तीर्ण झाली असून पुढे चेलो शिकवण्याचाच तिचा मानस आहे. एवढ्या तयारीवर विद्यार्थी घेणे योग्य ठरेल, की आधी पदविका मिळवावी? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (चेलोशिक्षिका, वांद्रे):
आठव्या ग्रेडमध्ये वादन तपासले जाते, शिकवण्याची हातोटी नव्हे. ट्रिनिटी या लंडनच्या परीक्षा मंडळाच्या पदविकांमध्ये वादनाबरोबर अध्यापनाचाही स्वतंत्र पर्याय असतो, तो अवश्य पाहावा. मात्र त्याची वाट पाहत न बसता तिने आत्ताच आपल्या गुरूंच्या परवानगीने नवशिक्या मुलांच्या तासांना नियमित बसावे, असे मी आग्रहाने सांगेन. लहानपणी शिकलेल्याला आपण गज धरायला कसे शिकलो हे आठवत नाही, आणि शिकवताना नेमके तेच सांगावे लागते. उदाहरणार्थ, पहिल्या पोझिशनमध्ये (डावा हात दांडीच्या वरच्या टोकाजवळ ठेवून) पहिल्या व चौथ्या बोटांत, म्हणजे तर्जनी व करंगळीत, साधारणपणे तीन अर्धस्वरांचे अंतर ठेवावे लागते. ते साधताना मूल मनगट वाकवते आणि अंगठ्याने चेलोची दांडी आवळते. आपण बोटे सुधारत बसतो, पण पुष्कळदा खुर्ची उंच असते, पाय जमिनीला टेकत नाहीत, चेलो घसरतो आणि तो सावरण्याचे काम डाव्या हातावर येते. आपल्याकडच्या गुळगुळीत फरशीवर तर एंडपिनचे (चेलोच्या तळाशी टेकूसाठी असलेल्या सळईचे) टोकही सरकते, म्हणून खुर्चीच्या पायाला पट्टा बांधून ते त्यात अडकवावे. हे सारे दुसऱ्याच्या वर्गात बसूनच कळते.

उत्तर (व्हायोलिनवादक, गिरगाव):
वरील मताशी सहमत आहे. पोटापाण्याचे म्हणाल, तर पियानो आणि गिटारच्या मानाने चेलोचे विद्यार्थी थोडेच मिळतात. एबीआरएसएमच्या सहाव्या ग्रेडपासून वादनपरीक्षेला बसायचे, तर सर्वसाधारणपणे पाचव्या ग्रेडची थिअरी (संगीतशास्त्राची परीक्षा) आधी उत्तीर्ण व्हावी लागते. त्यामुळे थिअरीच्या शिकवण्या घेता आल्या तर हातभार लागेल. विद्यार्थ्याला साथ देण्यापुरता पियानोही यावा. आणि पावसाळ्यात तारा ताणायच्या खुंट्या फुगून अडकतात, वातानुकूलित खोलीत त्याच सैल पडतात. लहान मुलांची वाद्ये सुरात लावून देण्यातच तासाचा बराच वेळ जातो, हे पालकांना आधीच सांगून ठेवलेले बरे.

प्रश्नकर्ते:
आपणा दोघांचे आभार. ती थोडे हिंदुस्थानी गायनही शिकली आहे. त्याचा इथे उपयोग होईल का?

उत्तर (चेलोशिक्षिका, वांद्रे):
निश्चित होईल. चेलोला पडदे नसल्यामुळे सूर कानानेच शोधावा लागतो आणि मींडही (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे) निघते. चेलोवादक सास्किया राव-डी हास यांनी तर तरफेच्या (मुख्य तारांबरोबर आपोआप झंकारणाऱ्या) तारा बसवून हिंदुस्थानी संगीतासाठी वेगळा चेलो घडवला. आपल्या मुलीने पहिल्या वर्षाच्या मुलांकडून प्रत्येक ओळ वाजवण्याआधी गाऊन घ्यावी. फक्त दोन्ही पद्धतींचे बोटांचे नियम एकाच तासात शिकवू नयेत.