बुलेटच्या चिमट्याचे बुश दोन पावसाळ्यांत गेले: गनमेटल घालू, प्लास्टिकच ठेवू की नीडल बेअरिंग?

पेडणेकर_350

गाडी कास्ट आयर्न बुलेट 350, मॉडेल 1986. चोर्ला घाटात वळणात गॅस सोडला की मागचं चाक क्षणभर बाजूला सरकल्यासारखं वाटतं. डबल स्टँडवर लावून चाक आडवं हलवलं की खालून टक टक येते. चाकाचे बेअरिंग नवीन आहेत, म्हणून चिमटा, म्हणजे मागचं चाक धरून वर-खाली हलणारी चौकट, उतरवला.

चिमट्याच्या आडव्या नळीत दोन टोकांना प्लास्टिकचे बुश (गोल कड्या) आहेत, दोन वर्षांपूर्वी घातलेले. त्यांच्यातून स्लीव, म्हणजे पोलादाची पोकळ नळी, जाते. स्लीव आणि बुश यांच्यातली ढिलाई चेनच्या बाजूला 0.2 मिमी, दुसऱ्या बाजूला 0.1. स्लीववर बरोबर बुशाच्या जागी गंजाचे खड्डे आहेत. नवल म्हणजे नळीच्या मधल्या भागात ग्रीस अजून पिवळं आणि ताजं, पण बुशाशी कोरडं आणि तिथे तांबडी पेस्ट झालेली. ग्रीस मारायचं निपल मधोमध आहे आणि दर दोन महिन्यांनी चार-पाच दाब मारलेले आहेत.

लेथवर सांगितलं, "गनमेटलचे करून देतो, जन्मभर बघायला नको." गनमेटल म्हणजे ब्राँझचाच एक प्रकार. स्लीव पण बदलू का? आणि नीडल बेअरिंग (बारीक लांब रोलरचं) बसवलं तर कायमचं काम होईल का?

लेथ_आणि_तेल

बुश कशाचा, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न स्लीवचा.

हा सांधा चालतो कसा ते आधी बघा. लांब रॉड फ्रेमच्या दोन्ही कानांतून जातो आणि नट आवळला की स्लीव दोन कानांच्या मधे घट्ट धरली जाते. स्लीव स्थिर राहायला हवी, चिमटा बुशांसकट तिच्यावर फिरायला हवा. त्यासाठी स्लीवची लांबी चिमट्याच्या रुंदीपेक्षा, बाजूचे वॉशर धरून, 0.1 ते 0.2 मिमी जास्त लागते. कमी पडली तर नट आवळताच चिमटाच कानांत चिमटला जातो. मग मेकॅनिक नट थोडा सैल सोडतो, स्लीव रॉडवर फिरायला लागते आणि रॉड व फ्रेमचे कान झिजतात. कान झिजले की काम खूप वाढतं. म्हणून नवे बुश घालण्याआधी दोन्ही लांब्या मोजा. बाजूची झीज शिमने (पातळ चकतीने) भरा, नट सैल ठेवून नको.

तुमचे आकडे लहान वाटतील, पण दोन बुशांत 180 मिमी अंतर आणि सांध्यापासून चाकाच्या एक्सलपर्यंत 450 मिमी धरा. 0.2 आणि 0.1 ची बेरीज 0.3, भागिले 180, गुणिले 450. एक्सलशी पाऊण मिलिमीटर. गॅस सोडताना चेनचा ताण सुटतो, चाक तेवढं तिरकं होतं, तेच तुम्हाला घाटात जाणवतं.

आता ग्रीसचं. नळी आतून 30 मिमी, स्लीव बाहेरून 20, मधली जागा 120 मिमी लांब असली तर ती भरायला जवळजवळ 47 मिलिलिटर ग्रीस लागतं. लहान गनचा एक दाब अर्धा ते एक मिलिलिटर, म्हणजे कोरड्या नळीला पन्नास ते नव्वद दाब! चार-पाच दाबांत ग्रीस बुशापर्यंत पोचतच नाही. नळी भरल्यावरसुद्धा ते सैल बाजूने बाहेर येतं आणि घट्ट बाजू कोरडीच राहते. एका बाजूने ग्रीस दिसलं म्हणून थांबू नका. जोडतानाच नळी हाताने ठासून भरा. जमलं तर प्रत्येक बुशाच्या वर वेगळं निपल घ्या, बुशाला त्याच जागी भोक आणि आत तिरकी खाच.

तांबडी पेस्ट म्हणजे गंज आणि आपली तांबडी माती. डिचोली, सत्तरीकडे खनिजाची धूळ त्यात मिसळते, ती तर पॉलिश पेपरसारखी घासते. ती आत जाते कारण बाजूला सील नाही. थ्रस्ट वॉशरमधे (बाजूचा दाब घेणाऱ्या चकतीत) खाच पाडून ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, बसवा. जुन्या पद्धतीचा फेल्टचा वॉशर इथे नको, फेरीच्या धक्क्यावरचं खारं पाणी तो धरून ठेवतो.

खड्डे पडलेल्या स्लीववर नवा बुश घालूच नका, खड्ड्यांच्या कडा त्याला पहिल्या महिन्यापासून किसतील. स्लीव ईएन31 ची (बेअरिंगचं पोलाद), हार्डन करून 58 ते 60 एचआरसी (कडकपणाचं माप) आणि वरून ग्राइंड. हार्डनिंग जमत नसेल तर ईएन8 (साधं पोलाद) ची स्लीव करा, पण मग तिच्यावर फॉस्फर ब्राँझ नको, ते मऊ शाफ्ट खातं. शिसं असलेलं गनमेटल घ्या आणि स्लीव झिजणारा भाग समजा. स्टेनलेस 304 गंजत नाही म्हणून कोणी सुचवेल, पण ते मऊ आहे आणि कमी तेलात ओरखडतं. पितळ नकोच.

घाटमाथा

मी नीडलच्या बाजूने. रोलर आहे, घर्षण कमी, बऱ्याच नव्या गाड्यांत कंपनीच बसवते.

लेथ_आणि_तेल

नव्या गाड्यांत त्याच्यासोबत कडक केलेली आतली रिंग, ओठाचे सील आणि बाजूला थ्रस्ट बेअरिंग असतात. फक्त नीडल ठोकले तर तीन अडचणी येतात. चिमटा काही अंशच फिरतो, रोलर पूर्ण चक्कर मारत नाहीत, एकाच जागी दाबून रेघा पाडतात. साध्या स्लीववर तर त्या लगेच पडतात. पातळ रोलरला गंजाचा एक ठिपकासुद्धा जड जातो. आणि नीडल बाजूचा भार घेत नाही, तो शेवटी वॉशरवरच येतो. घर्षणाचा फायदा जुन्या शॉकअपवर जाणवतही नाही. आपल्या पावसात या गाडीला ब्राँझच बरं.

बार्देशकर

प्लास्टिकबद्दल एक. लेथवर "नायलॉन" म्हणून जो रॉड मिळतो तो पाणी पितो, पूर्ण भिजला तर वजनाच्या आठ-नऊ टक्क्यांपर्यंत, आणि फुगतो. मे महिन्यात छान सरकणारा बुश चवथीपर्यंत आवळतो, मग त्याच्यासोबत स्लीव फिरायला लागते. पुढे वाळला की सैल. प्लास्टिकच हवं असेल तर डेलरिन (अ‍ॅसिटल प्लास्टिक) मागा, ते पाणी फार कमी घेतं. ढिलाई मात्र ब्राँझपेक्षा जास्त ठेवावी लागते, 0.08 ते 0.10 मिमी.

ब्राँझ बसवताना इथे बहुतेक ठिकाणी चूक होते ती अशी. बुशाचं बाहेरचं माप चिमट्यातल्या भोकापेक्षा 0.03 ते 0.05 मिमी जास्त असतं, त्यामुळे दाबून बसवल्यावर आतलं भोक आवळतं. म्हणून आतून 0.15 कमी ठेवून बसवा आणि बसवल्यानंतर रीमर (भोक अचूक मापाला आणणारं हत्यार) मारा. दोन्ही बुश एकाच सरळ रेषेत, एका बाजूला पायलट (रीमर सरळ धरणारा दांडा) टाकून, एका दमात. वेगवेगळे रीम केले तर स्लीव एकेका बुशात छान जाते आणि दोन्हींत मिळून अडकते. शेवटची ढिलाई 0.04 ते 0.06. तेल लावलेली स्लीव अंगठ्याच्या दाबाने दोन्हींतून सरकली पाहिजे, हातोडी लागली तर पुन्हा रीम.

बुश ठोकू नका. बुश दोन तास फ्रीजरमधे, चिमट्याचा डोळा (बुश बसायचं भोक) हॉट गनने तापवा, आणि एम12 चा आटे असलेला रॉड, दोन जाड वॉशर व योग्य मापाची गोटी (सॉकेट) घेऊन ओढून घ्या. जुना निघत नसेल तर आतून हॅक्सॉ ब्लेडने लांबीत चीर पाडा. ब्लेड बुश संपताच थांबवा, चिमट्याच्या नळीत गेलं तर तिथूनच पुढे तडा जातो.

चार_किक

बाकी जुन्या गाड्यांच्या मालकांसाठी, कारण धाग्याचं नाव बघून तेही येतील. रबर चिकटवलेला सायलेंटब्लॉक असेल तर त्याला ग्रीस अजिबात नको, रबर फुगतं. तो सरकत नाही, पीळ खातो. म्हणून नट गाडी चाकावर उभी करून, माणूस बसवून आवळा. स्टँडवर चिमटा लोंबत असताना आवळला तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. नॉर्टन कमांडो या ब्रिटिश गाडीचे बुश तेल शोषणारे आहेत, त्यांना ग्रीस नाही, 140 चं जाड गिअर तेल. अशा सच्छिद्र बुशाला बोथट रीमर मारला की छिद्रं बुजतात.

पेडणेकर_350

सगळ्यांचे आभार. मोजलं. स्लीव चिमट्यापेक्षा 0.3 मिमी आखूड निघाली! रॉडवर पण मधे चमक आहे, म्हणजे ती फिरत होती. स्लीव ईएन31, गनमेटलचे बुश, दोन निपल असं ठरवतो. ग्रीस कोणतं? आणि जोडून झाल्यावर बरोबर बसलं हे कसं ओळखायचं?

लेथ_आणि_तेल

गनमेटल चालेल. रॉडही मोजा, 0.05 पेक्षा जास्त झिजला असेल तर बदला. ग्रीस पाण्याला टिकणारं, कॅल्शियम सल्फोनेटचं, ट्रॉलरवाल्यांच्या सामानाच्या दुकानात मागा. मॉलिब्डेनम असलेलं मिळालं तर अजून चांगलं, कारण इतक्या हळू हालचालीत तेलाचा थर बनत नाही. रॉडलाही पुसट हात फिरवा, नाहीतर पुढच्या वेळी तो फ्रेममधून निघणार नाही.

तपासणी शॉकअप, चेन आणि चाक लावण्याआधी. नट पूर्ण आवळा, चिमटा आडवा उचलून सोडा. स्वतःच्या वजनाने सावकाश, एकसारखा खाली यायला हवा. मधे थांबला तर चिमटा कानांत चिमटला जातोय किंवा बुश एका रेषेत नाहीत. धपकन पडला तर ढिलाई जास्त. मग टोक धरून आडवं हलवा, काहीच जाणवायला नको. स्लीव धरली गेली का हे बघायला नट आवळण्याआधी रॉडच्या डोक्यावर आणि फ्रेमवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा. आवळताना रॉडचं डोकं पान्याने धरा, म्हणजे रेघ तुटणार नाही. शंभर किलोमीटर चालवून पुन्हा बघा, रेघ तुटली असेल तर रॉड फिरतोय.

पुढे मे अखेरीस आणि पाऊस सरल्यावर दोन्ही निपलना ताजं ग्रीस दिसेपर्यंत मारा. वॉशिंगवाल्याला सांगा, प्रेशरचा पाइप सांध्यावर नको.

पेडणेकर_350

रॉड 0.08 झिजलाय. तोही करून घेतो.