क्रॉसमॅग्लेन रेंजर्स: छोट्या गावाचा मोठा क्लब

गेलिक फुटबॉल या आयर्लंडच्या पारंपरिक खेळात खेळाडूंना पैसे मिळत नाहीत, मग छोट्या गावाचा क्लब टिकतो कसा, असा प्रश्न पडतो. त्यासाठी उत्तर आयर्लंडच्या आर्मा परगण्यातल्या क्रॉसमॅग्लेनकडे बघा. आयर्लंड प्रजासत्ताकाच्या सीमेलगतचं, जेमतेम दीड-दोन हजार वस्तीचं गाव. तिथला क्रॉसमॅग्लेन रेंजर्स हा क्लब १८८७ सालचा.

१९७०च्या दशकात, उत्तर आयर्लंडमधल्या सशस्त्र संघर्षाच्या काळात, ब्रिटिश लष्कराने मैदानाला खेटून तळ उभारला आणि क्लबची काही जागाही ताब्यात घेतली. मैदानावरून हेलिकॉप्टरांची ये-जा चालायची. पुढे कित्येक वर्षं तिथली पोरं त्या तळाच्या टेहळणी बुरुजाखालीच खेळत मोठी झाली. मला तर हे सगळ्या चषकांहून मोठं वाटतं.

आणि चषकही काय थोडेथोडके नाहीत! १९९६ ते २००८ सलग १३ वेळा आर्मा परगण्यातल्या क्लबांच्या स्पर्धेचं विजेतेपद. १९९७, १९९९, २०००, २००७, २०११ आणि २०१२ मध्ये अखिल आयर्लंड क्लब अजिंक्यपद. आर्मा परगण्याच्या संघाने २००२ साली पहिल्यांदा परगण्यांची अखिल आयर्लंड स्पर्धा जिंकली, त्या अंतिम सामन्यात निर्णायक गोल केला तो याच क्लबच्या ओशीन मॅकॉनव्हिलने. पूर्वार्धात त्याची पेनल्टी हुकली होती, हे विसरू नका.

बाहेरून खेळाडू विकत आणायची इथे सोयच नाही. ज्या गावात वाढलात, त्याच गावासाठी खेळायचं.