शब्दचर्चा: मॅग्नोलियाला चाफा म्हणावं का?

प्रश्न
एका लेखाचा अनुवाद करतेय. त्यात मॅग्नोलिया फुलांनी लगडलेत आणि झाडावर पानाचा पत्ता नाही असं वर्णन आहे. 'चाफा' लिहिलं तर डोळ्यांपुढे सोनचाफा येतो, आणि तो तर कायम हिरवा. काय करावं?

प्रतिसाद
चाफाच लिहा हो. वास पोचला की झालं.

प्रतिसाद
वास पोचेल, पण झाड भलतंच पोचेल. चाफा हे एका झाडाचं नाव नाहीच. वासाचं फूल दिसलं की आपण चाफा म्हणून मोकळे. देवचाफा कण्हेरीच्या कुळातला, नागचाफा उंडीच्या, हिरवा चाफा सीताफळाच्या आणि भुईचाफा चक्क हळदीच्या. मॅग्नोलियाच्या कुळातले म्हणजे सोनचाफा, कवठी चाफा, हिमचंपा.

ओळखायचं तर फूल सोडा, फांदी बघा. मॅग्नोलियाचं कोवळं पान उपपर्णांच्या, म्हणजे देठाच्या बुडाशी येणाऱ्या पानासारख्या पापुद्र्यांच्या, टोपणात गुंडाळलेलं असतं. पान उलगडलं की टोपण गळतं आणि फांदीभोवती बारीक रेघ राहते, बांगडीसारखी पूर्ण वळसा घालणारी. देवचाफ्याला अशी रेघ नसते, आणि त्याची फांदी मोडली की पांढरा चीक येतो.

गंमत म्हणजे 'मॅग्नोलिया' हे नाव 1703 साली शार्ल प्लूमिए या फ्रेंच वनस्पतिज्ञाने दिलं, फ्रान्समधल्या माँपेलिएच्या प्येर मान्योल या वनस्पतिज्ञाच्या सन्मानार्थ. आणि प्लूमिएचं स्वतःचं नाव लागलं ते प्लुमेरियाला, म्हणजे आपल्या देवचाफ्याला! दोघांची सरमिसळ आपण एका शब्दात करून टाकली.

तुमच्या वाक्यात मॅग्नोलियाच ठेवा. फार तर पहिल्या उल्लेखाला 'सोनचाफ्याच्या कुळातली' एवढं जोडा.

प्रतिसाद
पण सोनचाफ्याचं शास्त्रीय नाव मिशेलिया ना? मग तो मॅग्नोलिया कसा?

प्रतिसाद
होता मिशेलिया. मॅग्नोलियाचं फूल फांदीच्या शेंड्याला येतं आणि सोनचाफ्याचं पानाच्या बगलेत, म्हणून वेगळी प्रजाती केली होती. नीट पाहिल्यावर कळलं की बगलेतलं फूलही एका अगदी आखूड फांदीच्या शेंड्यालाच असतं. पुढे डीएनएच्या अभ्यासानेही दोघांना एकत्रच आणलं. आता तो मॅग्नोलिया चंपका. शास्त्रीय नावातच संस्कृत चंपक बसलाय.

प्रश्न विचारणारी
पटलं. आता बाकीचे शब्द. पुढे वर्षभराचं वर्णन आहे. मोहर, फुलोरा की बहर?

प्रतिसाद
बहर. मोहर म्हटलं की आंब्याचे तुरे आठवतात, आणि फुलोरा म्हणजे एका दांड्यावरची अनेक फुलं. इथे शेंड्याला एकेकटं फूल.

'वसंतात कळ्या धरल्या' असं मात्र लिहू नका. पानगळी मॅग्नोलियाच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरतात आणि अख्खा हिवाळा करड्या लवदार कवचात काढतात. थंडी ओसरली की कवच सुटतं, आणि पालवीच्या आधीच फुलं उमलतात. आपल्या पळस-पांगाऱ्याला निष्पर्ण फांद्यांवर बहर येतो, तसंच. म्हणून हिवाळ्यात छाटणी केली तर त्या वर्षीची फुलं गेली. उमलल्यावर एका रात्रीत हिम पडलं तर पाकळ्या तपकिरी होतात. त्याला 'करपली' हाच शब्द चपखल.

तुमच्या लेखातलं झाड बहुधा मॅग्नोलिया सुलांजियाना असेल. ते उद्यानांत फार लावतात. एत्येन सुलांज-बोदँ या फ्रेंच बागकाराने 1820 च्या सुमारास पॅरिसजवळ दोन चिनी जातींच्या संकरातून केलेलं. हिमचंपा वेगळा: मूळ अमेरिकेच्या आग्नेय भागातला, सदाहरित, पानांच्या पाठीवर गंजाच्या रंगाची लव. तो उन्हाळ्यात फुलतो. जुनी पानं नव्या पालवीच्या सुमारास झडतात, पण झाड कधी उघडं पडत नाही. त्याला 'पानगळ' शब्द लावू नये.

प्रतिसाद
पाकळ्या की परिदलं?

प्रतिसाद
शास्त्रीय लेख असेल तर परिदलं, कारण बहुतेक जातींत निदलं (कळीला झाकणारी बाहेरची दलं) आणि पाकळ्या वेगळ्या ओळखूच येत नाहीत, म्हणून दोन्हींना मिळून परिदलं. ललित असेल तर पाकळ्या. परिदलं गळताना कुणाला गलबलून येत नाही.

एक सूचना मात्र आग्रहाने: परागीभवन भुंगेरे करतात, भुंगे नव्हेत. भुंगेरा म्हणजे पाठीवर टणक पंख असलेला किडा. फुलाची मादी अवस्था, म्हणजे पराग स्वीकारायची वेळ, आधी येते. तेव्हा भुंगेरे आत शिरतात. कित्येक जातींत फूल मिटून पुन्हा उघडतं आणि मग केसर पराग सोडतात. संस्कृत कवींचा भ्रमर चंपकाकडे फिरकत नाही, तो संकेत इथे उगीच आठवतो.

प्रश्न विचारणारी
शेवटचं. शरद ऋतूत झाडाला 'शंकू' लागतात असं केलंय.

प्रतिसाद
शंकू पाइनला. हे फळच आहे, एका दांड्यावर दाटीने बसलेल्या अनेक पेटिकांचं, म्हणजे बी असलेल्या छोट्या कप्प्यांचं. पेटिका उलली की लालकेशरी बी बाहेर येतं आणि बारीक पांढऱ्या धाग्याला लोंबकळत राहतं, पक्ष्याने टिपेपर्यंत. सोनचाफ्यात पेटिका सुट्या असतात, तिथे 'घोस' चालेल. तुमच्या झाडाला 'फळ' लिहा आणि रंग सांगा, पुरे.