आतड्यात पॉलिप, मुलाच्या मेंदूत गाठ: आधी कुणाचं रक्त?

प्रश्न (ठाणे): वडिलांच्या मोठ्या आतड्यात शेकडो पॉलिप (आतल्या अस्तरावर वाढलेल्या लहान गाठी), 9 वर्षांच्या मुलाला मेड्युलोब्लास्टोमा (मेंदूतली कॅन्सरची गाठ). जनुक तपासणी आधी कुणाची?

उत्तर 1: वडिलांची. एवढे पॉलिप म्हणजे पहिला संशय एपीसी जनुकावर; त्यात बिघाड असला की असे पॉलिप होतात आणि मेंदूत अशी गाठही होऊ शकते. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेतात. साधं सिक्वेन्सिंग (जनुकाची अक्षरं वाचणारी तपासणी) निगेटिव्ह आलं तरी थांबू नका. जनुकाचा मोठा तुकडाच गायब असेल तर तो त्यात निसटू शकतो. एमएलपीए (असे गायब तुकडे शोधणारी चाचणी) करायला सांगा.

उत्तर 2: पॉलिप मोजके, अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग आणि गाठ ग्लिओब्लास्टोमा (मेंदूच्या कॅन्सरचा दुसरा प्रकार) असती, तर एमएलएच1, पीएमएस2 वगैरे (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी) जनुकं बघावी लागली असती. तिथे बिघडलेली एकेक प्रत आई आणि वडील दोघांकडून आलेली असते, म्हणून दोन्ही पालकांचं रक्त लागतं.

उत्तर 3: वडिलांच्या जनुकात बदल सापडला की मुलाची आणि त्याच्या भावंडांचीही तपासणी, प्रत्येकाला 50 टक्के शक्यता. बदल असेल त्याची कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) साधारण 10-12 व्या वर्षापासून. खारघरला टाटा मेमोरियलच्या कर्करोग केंद्रात, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकला जाताना बायोप्सीचे ब्लॉकही (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) न्या, नुसता रिपोर्ट नको.