चोडणच्या सलीम अली अभयारण्यात छायाचित्रणासाठी भरती बरी की ओहोटी?

म्हापशेकर:
नमस्कार. डिसेंबरात गोव्यातील चोडण बेटावरील डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात छायाचित्रणासाठी जाण्याचा विचार आहे. माझ्याकडे १००-४०० मिलिमीटरची लेन्स आहे. पायवाटेने जावे की होडीने, आणि भरती-ओहोटीचा विचार कितपत करावा? काळ्या चिखलात उभ्या असलेल्या बगळ्याच्या पांढऱ्या पिसांचा तपशील कसा टिकवावा, हेही कोणी सांगितल्यास आभारी राहीन.

खाजणकाठ:
लेन्स पुरेशी आहे. तिच्यापेक्षा ओहोटीची वेळ साधणे अधिक महत्त्वाचे, कारण १९८८ साली घोषित झालेले हे १७८ हेक्टरचे अभयारण्य बहुतांशी कांदळवनच आहे आणि पाणी ओसरल्याशिवाय तिथला चिखल उघडा पडत नाही. चिखल उघडा पडला की निवट्या, म्हणजे चिखलावर वावरणारे मासे, आणि एका मोठ्या नांगीचे लहान खेकडे बाहेर येतात, आणि त्यांच्या मागावर बगळे, तुतवार, चिखले व गळपट्टीवाला खंड्या हे पक्षी येतात. आपल्याकडे अमावास्या-पौर्णिमेला पूर्ण भरती साधारण दुपारी बाराच्या आसपास येते, म्हणून त्या दिवशी आणि पुढचे दोन-तीन दिवस सकाळच्या कोवळ्या उन्हातच ओहोटी मिळते. पुढे ती रोज सुमारे पाऊण तासाने लांबते, त्यामुळे अष्टमीच्या सुमारास गेल्यास सकाळी पाणी भरलेले आणि डोक्यावर ऊन आल्यावर चिखल, असा उलटा प्रकार होतो. दिनदर्शिकेतील तिथीवरून अंदाज बांधावा आणि नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात पाहावी. निवट्यांकडेही लक्ष द्यावे. नर पाठीवरचा पर उभारून चिखलातून उडी मारतो, आणि ते दृश्य टिपण्यासाठी पायवाटेवर खाली बसावे लागते, उभ्याने ते साधत नाही.

डिचोलीकर:
वरील मताशी मी अर्धाच सहमत आहे. ऐन ओहोटीत आतल्या अरुंद खाड्यांमध्ये होडी जात नाही, त्यामुळे होडी करायची असेल तर पाणी उतरू लागताच निघावे, म्हणजे आत शिरण्यापुरते पाणी असते आणि काठाचा चिखलही हळूहळू उघडा पडतो. होडीत तिपाई (ट्रायपॉड) नेऊ नये, कारण इंजिनाचा कंप तिच्यातून थेट कॅमेऱ्यात उतरतो. होडीवाल्याला इंजिन बंद करायला सांगून प्रवाहाबरोबर वाहत जावे, कॅमेरा हातात धरावा आणि शटरचा वेग १/१००० सेकंदाच्या खाली येऊ देऊ नये. उडत्या खंड्यासाठी १/२५०० सुद्धा कमी पडू शकतो.

बगळ्याबद्दल सांगायचे तर कॅमेरा भोवतालच्या काळ्या चिखलाकडे पाहून दृश्य उजळवतो आणि त्यात पांढरी पिसे हरवतात. त्यामुळे एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा ते, स्वतःच ठरवावे: एक चाचणी छायाचित्र काढून कॅमेऱ्याच्या पडद्यावर पांढऱ्या भागावर अतिउजळपणाची लुकलुक दिसल्यास ती थांबेपर्यंत कमी करावे. मग बगळा चिखलावरून उडून आभाळासमोर आला तरी मोजणी बदलत नाही. चिखल काळपट आला तर येऊ द्यावा, तो काळाच असतो.

मांडवीकाठ:
मगर किंवा पाणमांजर दिसल्यास होडी तिथेच थांबवावी. जवळ जाण्याचा आग्रह आपण धरला की होडीवाला गिऱ्हाईक म्हणून ऐकतो, आणि मगर पाण्यात उतरून गेल्यावर मागे कोणालाच काही मिळत नाही. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावण्याचा प्रकारही सोडून द्यावा. तो मला तरी छायाचित्रणाचा भाग वाटत नाही.

पायवाटेसाठी रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे उतरावे, प्रवेशद्वार धक्क्यापासून जवळच आहे. होडीची चौकशी मात्र आधी करून ठेवावी. तिथी जुळत नसल्यास त्या दिवशी करमळीच्या तळ्यावर जावे. तिथे भरती-ओहोटीचा प्रश्न नाही, आणि अडई, कमळपक्षी व जांभळ्या पाणकोंबड्या काठावरून दिसतात, फक्त अंतर जास्त असल्याने ४०० मिलिमीटर तिथे अपुरी वाटेल.