मदत हवी आहे: मराठी गूढ शोधसूत्रात व्याकरण किती काटेकोर पाळावे?

नमस्कार मंडळी,

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी गूढ शोधसूत्रांची, म्हणजे शब्दकोड्यातल्या उत्तराची व्याख्या आणि त्याच्या अक्षरांशी किंवा अर्थांशी केलेला खेळ एकाच वाक्यात लपवणाऱ्या सूचनांची, स्पर्धा घेतली जाते. संयोजक एकच शब्द जाहीर करतात. त्या शब्दाकडे नेणारे एकच सूत्र प्रत्येकाने पाठवायचे आणि त्याची उकल स्वतंत्र कागदावर लिहून द्यायची, असा नियम आहे. ही रीत मूळची लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ या रविवारच्या वृत्तपत्रातली. तेथे ‘झिमेनीझ’ या टोपणनावाने कोडी रचणारे डी. एस. मॅकनट आणि १९७२ मध्ये त्यांची जागा घेणारे ‘ॲझेड’ म्हणजे जोनाथन क्राउदर, यांच्या स्पर्धेच्या कोड्यात एका शब्दाची नुसती व्याख्या दिलेली असे आणि त्याचे गूढ सूत्र वाचकांनी रचून पाठवायचे असे. मॅकनट यांनी १९६६ च्या आपल्या पुस्तकात जे नियम मांडले, त्यांचे सार क्राउदर यांनी तीन कलमांत सांगितले आहे: नेमकी व्याख्या, प्रामाणिक शब्दखेळ आणि याखेरीज काहीही नाही. आमचे परीक्षकही हीच मोजपट्टी लावतात.

व्याख्येविषयी माझी अडचण नाही. ‘प्रामाणिक शब्दखेळ’ मराठीत नेमका कशाला म्हणायचे, यावर मात्र मी अडले आहे. चालू स्पर्धेचा शब्द येथे देणे योग्य होणार नाही, म्हणून सरावासाठी रचलेली सूत्रेच मांडते.

विकता बिघडते ती रचना (३)

कंसातला आकडा उत्तराच्या अक्षरांचा, आणि उत्तर ‘कविता’. ‘विकता’ या तीन अक्षरांची मांडणी बिघडली की ‘कविता’ होते, आणि ‘रचना’ ही व्याख्या. वरवरच्या अर्थावर मी खूश आहे, कारण विकायला काढली की बिघडणारी रचना हे कवितेचे वर्णन बऱ्याच जणांना पटेल. पण सूत्र कोड्याच्या नजरेने वाचले, तर बिघडतो तो ‘विकता’ हा शब्द, किंवा बिघडतात ती त्याची अक्षरे. ‘बिघडते’ हे स्त्रीलिंगी रूप केवळ वरच्या अर्थातल्या रचनेशी जुळते. इंग्रजी क्रियापदाला लिंग नसल्यामुळे तेथील सूत्रकाराला फार तर एकवचन-अनेकवचन सांभाळावे लागते. आपल्याकडे ‘बिघडतो’ लिहिले तर वरचा अर्थ मोडतो आणि ‘बिघडते’ लिहिले तर आतला. अशा वेळी कोणाची बाजू घ्यावी?

दुसरी अडचण विभक्तीची आहे.

एका मळकट पाण्यात लपलेले फूल (३)

येथे मला ‘एक मळकट’ या दोन शब्दांच्या पोटात सलग बसलेले ‘कमळ’ लपवायचे होते. परंतु ‘पाण्यात’ म्हटले की ‘एक’चे ‘एका’ होणारच, आणि मग हाती ‘कामळ’ लागते. जो शब्द अक्षरशः वापरायचा असतो तोच प्रत्यय लागताच सामान्यरूपात जाऊन बदलतो, हा पेच लपलेल्या शब्दांच्या आणि अक्षरबदलाच्या बहुतेक सूत्रांत येतो. ज्या सूत्रांत शब्दाऐवजी त्याचा अर्थ वापरला जातो, तेथे तो येत नाही. उदाहरणार्थ, ‘गुरुजींच्या मागे मोटार उभी करणारे शासन (४)’ यात ‘सर’ आणि ‘कार’ दोघेही सुखरूप राहतात.

लिंगभेदाचा मला नेहमी जाचच होतो असेही नाही. ‘विजेत्याच्या गळ्यात पडतो, दुसऱ्याच्या पदरी पडते (२)’ हे सूत्र तो हार आणि ती हार यांच्या भेदावरच उभे आहे. जाणकारांनी कृपया सांगावे की स्पर्धेसाठी सूत्र पाठवताना आतल्या वाचनाचे व्याकरण कुठवर सांभाळावे. जोडाक्षरे आणि मात्रा फोडण्याविषयी काही संकेत असल्यास तोही कळवावा.

प्रतिसाद १

ताई, आपला पहिला प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याची सोय मराठीतच आहे. भविष्यकाळाच्या तृतीय पुरुषी एकवचनाला लिंग नसते: तो बिघडेल, ती बिघडेल, ते बिघडेल. म्हणून

विकता बिघडेल अशी रचना (३)

असे लिहिले, तर ‘विकता’ हा शब्द बिघडेल आणि विकायला काढलेली रचनाही बिघडेल, अशी दोन्ही वाचने एकाच क्रियापदावर बिनतक्रार उभी राहतात. जुन्या वळणाचा रीतिभूतकाळही याच गुणाचा आहे (येई, जाई, लपवी), मात्र त्याने सूत्राला आख्यानाचा सूर येतो, तेव्हा तो जपून वापरावा. आज्ञार्थातही लिंग आड येत नाही, कारण तेथे आदेश सोडवणाऱ्याला दिलेला असतो.

विभक्तीच्या पेचातून सुटण्यासाठी वाक्याचा कर्ता बदलावा. लपलेल्या वस्तूला कर्ता केले की लपवणारा शब्द सप्तमीत जातो. लपवणाऱ्याला कर्ता केले की तो प्रथमेत, म्हणजे मूळ रूपात राहतो.

फूल पोटात दडवून बसला आहे एक मळकट (३)

‘एक मळकट’ याला हात लागलेला नाही, आणि ‘बसला’ हे पुल्लिंगी रूप शब्दसमूहालाही चालते. आपल्या मूळ सूत्रातले ‘पाणी’ लपवाछपवीत कसलेच काम करत नव्हते, तेही आपोआप गळाले. ‘याखेरीज काहीही नाही’ हे तिसरे कलम अशाच पाहुण्या शब्दांसाठी आहे.

जोडाक्षरांविषयी माझे मत कडक आहे. चौकटीच्या एका घरात एक अक्षर बसते, त्याच्या मात्रेसकट आणि जोडाक्षर असेल तर त्या जोडासकट. म्हणून फिरवाफिरवीतही तेच एकक धरावे. ‘पुस्तक’ तीन घरांचा शब्द आहे आणि त्यातला ‘स्त’ फोडू नये. वाल्या कोळ्याच्या कथेत ‘मरा’चा जप करता करता ‘राम’ होतो, तेथेही ‘रा’ आपला काना बरोबर घेऊनच जागा बदलतो. हा संकेत आपल्या कानांना इतका सवयीचा आहे की नवा शोधण्याची गरज मला दिसत नाही.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादातील बहुतेक गोष्टी मान्य असूनही लिंगाच्या मुद्द्यावर मी वेगळे मत नोंदवतो. कोड्याच्या वाचनात ‘विकता’चे लिंग कोणते, हे ठरवणार कोण? ‘शब्द’ मानला तर पुल्लिंगी, ‘अक्षरे’ मानली तर नपुंसकलिंगी अनेकवचन, आणि एखादे नाम जसेच्या तसे घेतले तर त्याचे स्वतःचे लिंगही आहेच. ज्या गोष्टीचे लिंग अनिश्चित आहे, तिच्याशी क्रियापद जुळले नाही म्हणून सूत्राला अप्रामाणिक म्हणणे मला जड जाते. शिवाय सगळे जण भविष्यकाळात शिरले, तर अंकातले शब्दकोड्याचे पान राशिभविष्यासारखे वाचावे लागेल.

‘ॲफ्रिट’ या नावाने लिहिणारे ए. एफ. रिची यांनी १९४९ मध्ये घालून दिलेली कसोटी मला अधिक उपयोगी वाटते. मी जे म्हणतो तेच मला अभिप्रेत असले पाहिजे असे नाही, पण जे अभिप्रेत आहे ते मी म्हटलेले असले पाहिजे, असा तिचा आशय आहे. त्या कसोटीवर ‘एका मळकट’ नापास होते, कारण अभिप्रेत असलेली अक्षरे कागदावर नाहीत. ‘बिघडते’ मात्र माझ्या मते काठावर उत्तीर्ण होते, कारण बिघाडाची सूचना सोडवणाऱ्यापर्यंत पोहोचलेली आहे. तरीही स्पर्धेसाठी ‘बिघडेल’च पाठवा. परीक्षकासमोर एकाच शब्दाची अनेक सूत्रे असतात आणि दोन सूत्रे तोलामोलाची ठरली की निकाल अशा बारकाव्यावरच लागतो.

जाता जाता, शब्द तोडून अर्थ लपवण्याची कला आपल्याकडे परकी नाही. ‘का शीतलवाहिनी गङ्गा’ (शीतल वाहणारी गंगा कोणती?) या संस्कृत प्रश्नाचे उत्तर त्याच अक्षरांत आहे: ‘काशीतलवाहिनी गङ्गा’ (काशीच्या भूमीवरून वाहणारी गंगा). अशा रचनेला अंतर्लापिका म्हणतात. आपले ‘कमळ’ त्याच घराण्यातले आहे.

धागाकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ‘बिघडेल’ आणि ‘बसला आहे’ हे दोन्ही बदल स्वीकारते. जोडाक्षर न फोडण्याचा संकेतही पाळेन. एक शेवटची शंका विचारते. गेल्या वेळी ‘परवाना’ हा शब्द होता आणि त्यासाठी मी पुढील सूत्र रचले होते:

उद्यानंतर नकार आला की हाती पडतो सरकारी कागद (४)

‘परवा’ आणि ‘ना’ यांची ही जोडणी आहे. यातले ‘की हाती पडतो’ हे दुवा म्हणून खपेल, की तेही पाहुणेच ठरेल?

प्रतिसाद १

दुवा म्हणून खपेल, कारण शब्दखेळातून उत्तर हाती पडते ही दिशा बरोबर आहे. उलट दिशेचा दुवा असता तर मी आक्षेप घेतला असता. ‘आला’ हे क्रियापदही कामाचे आहे, कारण ‘परवा’नंतर ‘ना’ येतो. माझी हरकत व्याख्येला आहे. सातबारा, दाखला, नोटीस हे सारेच सरकारी कागद असतात, त्यामुळे ती नेमकी नाही. शिवाय ‘परवा’ दोन्ही दिशांना जातो, याचाही फायदा आपण घेतलेला नाही. ‘कालच्या आधी नकार आला, की आज हाती पडते परवानगी’ असे काही करून पाहता येईल, परंतु मग ‘परवानगी’ आणि ‘परवाना’ एकाच मुळाचे असल्याने परीक्षक नाक मुरडतील, आणि ‘आज’ हा नवा पाहुणा घरात येईल तो वेगळाच. त्यापेक्षा गझलेतला परवाना, म्हणजे ज्योतीवर झेप घेणारा पतंग, वापरावा, असे सुचवतो:

शमेवर झेपावणाऱ्याला वाहन चालवायला लागतो (४)

यात शब्दाची मोडतोड नाही, दोन अर्थ शेजारी ठेवलेले आहेत. ‘झेपावणाऱ्याला’ या चतुर्थीमुळे पहिली व्याख्या किंचित लंगडते, हे मला दिसते आहे. तेवढा ‘ला’ काढून दाखवल्यास सूत्र आपले.